खेळ केव्हा थांबवावा?

क्रिकेटवर बोलायला आपल्याकडे कोणाला आमंत्रण लागत नाही. पानाच्या ठेल्यापासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत प्रत्येकजण त्यातला जाणकार असतो. सॉफ्टबॉलचे तसे नाही. संध्याकाळी आमचा सराव चालू असला की कुंपणापलीकडून जाणारे एखादे गृहस्थ हमखास थबकतात आणि ‘हे बेसबॉल का?’ म्हणून विचारतात. ‘नाही काका, सॉफ्टबॉल,’ असे उत्तर देण्याची आम्हां मुलींना आता सवय झाली आहे. परंतु आज मला सगळा खेळ समजावून सांगायचा नाही. त्यातल्या एकाच लहानशा प्रश्नाविषयी लिहायचे आहे. पंचाने खेळ केव्हा थांबवावा, आणि केव्हा थांबवू नये?

वाचकांना वाटेल, यात लिहिण्यासारखे ते काय? पाऊस आला की थांबवावा, उघडला की सुरू करावा! दोन वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटत होते. त्यानंतर दोन प्रसंग घडले. एकात खेळ थांबवणारी मीच होते, आणि तो मी चुकीने थांबवला. दुसऱ्यात तो थांबला म्हणून मी चिडले, आणि माझे चिडणे चुकीचे होते. या दोन चुकांतून मला जे समजले, ते येथे सांगते.

प्रथम खेळाची थोडी ओळख. १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळला तेव्हा आनंदाच्या भरात एकाने बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्याकडे भिरकावला आणि त्याने तो काठीने टोलवला. ते पाहून जॉर्ज हॅन्कॉक यांना या खेळाची कल्पना सुचली. गंमत अशी की हा खेळ आरंभी बंद दालनात खेळला जात असे. छपराखाली जन्मलेल्या खेळाला पावसाची आणि विजेची काय फिकीर! पुढे तो उघड्या मैदानावर आला, १९२६ मध्ये त्याला ‘सॉफ्टबॉल’ हे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये अटलांटा येथे महिलांचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. मैदानावर आल्याबरोबर ऊन, पाऊस, वारा, अंधार या साऱ्यांचा हिशेब पंचाच्या माथी आला.

खेळाचा सांगाडा असा. प्रत्येक संघात नऊ खेळाडू, सामना सात डावांचा. पिचर हात खालून फिरवून चेंडू फेकते, बॅटर तो टोलवते आणि मग ६० फूट अंतरावरच्या बेसना एकामागून एक स्पर्श करीत पुन्हा होम प्लेटला येते. तेव्हा एक धाव होते. महिलांच्या खेळात पिचर प्लेटपासून ४३ फूट अंतरावरून चेंडू फेकते. कॅचरच्या मागे मुख्य पंच उभे असतात आणि बेसजवळ बेस पंच. खेळ थांबवायचा असेल तर पंच दोन्ही हात डोक्यावर उंच करून तळवे समोर दाखवतात आणि मोठ्याने ‘टाइम’ म्हणतात. हा अधिकार दोघांनाही आहे. त्या क्षणापासून चेंडू मृत होतो. कोणाला धावता येत नाही, कोणाला बाद करता येत नाही. पिचर चेंडू घेऊन आपल्या वर्तुळात आली आणि मुख्य पंचांनी ‘प्ले’ म्हटले की चेंडू पुन्हा जिवंत होतो. मधल्या काळात चुकून चेंडू फेकला गेलाच, तर तो फेकलाच नाही असे मानतात.

येथे क्रिकेटपेक्षा एक मोठा फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. क्रिकेटमध्ये चेंडू यष्टिरक्षकाच्या वा गोलंदाजाच्या हाती विसावला की तो आपोआप मृत होतो. सॉफ्टबॉलमध्ये तसे होत नाही. चेंडू पिचरच्या हातात परत आला तरी तो जिवंतच असतो. मग प्रत्येक फेकीनंतर पंचांनी ‘टाइम’ म्हणावे काय? मुळीच नाही. त्यासाठी नियमकर्त्यांनी एक सुंदर व्यवस्था केली आहे. पिचरच्या भोवती ८ फूट त्रिज्येचे एक वर्तुळ फक्कीने आखलेले असते. चेंडू घेऊन ती त्या वर्तुळात उभी असली आणि कोणाला बाद करण्याचा प्रयत्न करीत नसली, की बेसच्या मध्ये रेंगाळणाऱ्या रनरने तत्काळ पुढे तरी जावे नाहीतर मागे तरी फिरावे. रेंगाळल्यास ती बाद. बेसवर उभी असलेल्या रनरनेही पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही. यामुळे खेळ आपल्या आपण शांत होतो आणि पंचांना मध्ये पडावे लागत नाही. चांगल्या पंचांचा सामना पाहावा. त्यात ‘टाइम’ हा शब्द फार थोड्या वेळा ऐकू येतो.

नियम काय सांगतो?

नियमाचे पहिलेच वाक्य पंचांना मोकळीक देते. परिस्थिती तशी आहे असे त्यांना वाटले, तर त्यांनी खेळ थांबवावा. परंतु लगेच पुढे ही मोकळीक बांधून घातलेली आहे.

काही वेळी थांबवलाच पाहिजे. मुख्य पंच प्लेटवरची धूळ ब्रशने झाडायला वाकतात, तेव्हा त्यांची पाठ मैदानाकडे असते. ज्यांना चेंडू दिसत नाही त्यांनी चेंडू जिवंत ठेवून कसे चालेल? म्हणून प्लेट झाडण्यापूर्वी ‘टाइम’. बॅटरच्या डोळ्यांत धूळ गेली, पिचरच्या बुटाची नाडी सुटली, अशा रास्त कारणाने त्यांच्यापैकी कोणी जागा सोडली तरी ‘टाइम’.

काही वेळी थांबवता येत नाही. पिचरने फेकीला आरंभ केला की ‘टाइम’ नाही. नाहीतर प्रत्येक बॅटर चेंडू हातातून सुटता सुटता हात वर करील आणि पिचरची लय मोडील. तसेच चेंडू खेळात असताना, म्हणजे कोणी धावत आहे, कोणी चेंडू फेकत आहे, अशा वेळी ‘टाइम’ नाही. मार्गदर्शक ओरडोत, कप्तान ओरडो, चालू असलेली सारी हालचाल संपेपर्यंत पंचांनी ऐकायचे नाही. याचे कारण उघड आहे. दोन बेसच्या मध्ये सापडलेल्या रनरचा संघ ‘टाइम, टाइम’ म्हणून ओरडला आणि पंचांनी तो दिला, तर बाद होणारी मुलगी वाचली. उलट, धाव निघते आहे असे पाहून क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने तो मागितला, तर होणारी धाव गेली. मागणारा नेहमी आपल्या सोयीने मागतो. पंचांना दोघांच्या मध्ये उभे राहायचे असते.

याच न्यायाने मैदानात कुत्रे शिरले, वाऱ्याने एखादी टोपी उडाली, तरी खेळ संपेपर्यंत धीर धरणे बरे. आग्या मोहोळ उठले तर मात्र कोणत्याही नियमाची वाट पाहू नये, हे सांगायला पंच लागत नाही!

माझी चूक

दुखापतीच्या वेळी काय करावे हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि मी चुकले ती तेथेच.

द्वितीय वर्षात असताना आंतरवर्गीय सामन्यांत बेस पंच म्हणून मला उभे केले होते. नियमांचे पुस्तक मी चाळले होते. वाचले होते असे म्हणवत नाही. एका सामन्यात दुसऱ्या बेसवर एक रनर होती. बॅटरने चेंडू डावीकडे लांब टोलवला आणि ती पहिल्या बेसकडे धावली. बेसवर पाय पडताच तिचा घोटा मुरगळला आणि ती किंचाळून खाली बसली. ती माझी मैत्रीण होती. काही कळण्याच्या आत माझे दोन्ही हात वर गेले आणि मी ‘टाइम’ म्हणून ओरडले.

सारे मैदान जागच्या जागी थबकले. चेंडू घेऊन उभी असलेली मुलगी फेकता फेकता थांबली. दुसऱ्या बेसवरची रनर तिसरा बेस ओलांडून होम प्लेटकडे निघाली होती, तीही थांबली. मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. एक वर्ग म्हणे धाव झालीच होती. दुसरा म्हणे आम्ही तिला बाद करणारच होतो. मी घाबरले आणि तिला तिसऱ्या बेसवर परत पाठवले. पुढची बॅटर बाद झाली, डाव संपला, आणि तो वर्ग एका धावेने हरला. माझी मैत्रीण मात्र घोट्यावर बर्फ लावून दहा मिनिटांत लंगडत का होईना, चालू लागली.

संध्याकाळी आमच्या क्रीडासंचालक सरांनी मला जिमखान्यात बोलावले. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार. सर म्हणाले, ‘अगं, पडलेल्या मुलीकडे सगळ्या मैदानाने पाहिले तरी चालते. पंचाने चेंडूकडे पाहायचे असते.’ आणि त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवले.

नियम असा होता: खेळाडूला दुखापत झाली तरी चालू असलेला खेळ पूर्ण होईपर्यंत, किंवा रनर आपापल्या बेसवर थांबेपर्यंत, पंचांनी खेळ थांबवू नये. प्रथमदर्शनी हे निर्दय वाटते. परंतु त्याला किती वेळ लागतो? चार सेकंद, फार तर सहा. मुरगळलेला घोटा सहा सेकंदांनी अधिक बिघडत नाही. सामना मात्र बिघडतो. आणि पडले की खेळ थांबतो हे एकदा कळले, की पडण्याचे सोंग करणारेही निघतात.

पण नियम येथे संपत नाही. पंचांच्या मते दुखापत गंभीर असेल, जिवावर बेतणारी असेल, तर त्याच क्षणी खेळ थांबवावा. अशा वेळी चेंडू कोठे आहे हे पाहू नये. मग ज्या रनरचे नुकसान झाले तिचे काय? त्याचीही तजवीज आहे. खेळ थांबला नसता तर ती ज्या बेसपर्यंत पोचली असती असे पंचांना वाटते, तो बेस त्यांनी तिला द्यावा. म्हणजे मी एका प्रसंगात दोन चुका केल्या होत्या. थांबवायला नको होते ते थांबवले, आणि थांबवल्यावर जे द्यायला हवे होते ते दिले नाही.

हा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पिचरचेच उदाहरण घ्या. ४३ फूट म्हणजे १३.११ मीटर. चेंडू फेकताना ती पाऊल पुढे टाकते, म्हणजे प्रत्यक्ष अंतर सुमारे ११ मीटरच उरते. टोलवलेला चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने तिच्या तोंडावर आला तर तिच्या हाताशी किती वेळ असतो? गणित केले तर एका सेकंदाचे जेमतेम चार दशांश! आणि ‘सॉफ्टबॉल’ हे नाव असले तरी हा चेंडू मऊ नसतो, हे ज्याला तो लागला आहे त्याला विचारावे. असा फटका डोक्याला बसून पिचर कोसळली, तर पंचांच्या मनात क्षणभरही शंका येता कामा नये. ‘आत्ता थांबवले तर धाव जाईल, लोक ओरडतील’ ही सबब नियमानेच काढून घेतली आहे. धाव नंतर देता येते.

रक्त आल्यासही तसेच. रक्त थांबून जखम झाकली जाईपर्यंत त्या खेळाडूला खेळता येत नाही. डोक्याला मार लागून जिला गरगरते आहे, तिने ‘मी ठीक आहे’ म्हटले तरी तिच्या शब्दावर विसंबू नये. खेळायची हौस असलेली मुलगी खरे सांगत नाही. मी स्वतः सांगितलेले नाही.

आभाळ फाटण्यापूर्वी

आता दुसरा प्रसंग. अंधार, पाऊस, आग, घबराट, किंवा खेळाडूंना अथवा प्रेक्षकांना धोका पोचेल असे कोणतेही कारण उद्भवले, तर सामना थांबवण्याचा अधिकार पंचांना आहे. या यादीतला पाऊस सर्वांना दिसतो. मैदानात चिखल होतो, चेंडू निसटतो, पाय घसरतात. थांबवा म्हणून सगळेच म्हणतात. वीज मात्र फसवी. ती पावसाच्या आधी येते. पाऊस पडतो आहे तेथून दहा किलोमीटरवर, डोक्यावर ऊन असतानाही, ती कोसळू शकते. आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात वीज पडून शेतातली माणसे आणि गुरे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. शेत काय आणि मैदान काय, दोन्ही उघडीच. त्यात आमच्या हातात ॲल्युमिनियमची बॅट आणि सभोवती लोखंडी जाळी.

ऑक्टोबरमधला आंतरमहाविद्यालयीन सामना होता. चार डाव पूर्ण होऊन पाचव्याचा पूर्वार्ध चालू होता. आमची बॅटिंग होती आणि आम्ही ६ विरुद्ध ४ अशा पुढे होतो. पाच डाव पूर्ण झाले असते तर सामना तेथे थांबला तरी निकाल ग्राह्य ठरला असता, हे आम्हांला पक्के ठाऊक होते. आकाश पश्चिमेकडे काळवंडले होते, पण मैदानावर थेंब नव्हता. मी दुसऱ्या बेसवर होते. दूर वीज चमकली. पिचरने चेंडू फेकला, तो ‘बॉल’ ठरला, कॅचरने परत दिला. तेवढ्यात गडगडाट ऐकू आला आणि मुख्य पंचांचे दोन्ही हात वर गेले. ‘टाइम! सगळ्यांनी इमारतीत चला.’

आम्ही संतापलो. संयोजक धावत आले. पाहुणे येऊन बसले होते, बक्षिसे मांडली होती. ‘साहेब, पाऊस कुठे आहे? निदान हा डाव तरी होऊ द्या.’ पंच वयस्क होते. ते शांतपणे म्हणाले, ‘मी चोवीस मोजले.’ आणि चालू लागले. मंडपाकडे निघालेल्या मुलींनाही त्यांनी हाक मारून वळवले. मंडप, झाड, उघडी पत्र्याची शेड, यांतले काही चालणार नाही. पक्की इमारत नाहीतर बंद मोटार.

‘चोवीस’चा अर्थ मला नंतर कळला. विजेचा प्रकाश तत्क्षणी दिसतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. चोवीस सेकंद म्हणजे वीज आठ किलोमीटरवर. चमक आणि गडगडाट यांच्यामध्ये तीस सेकंद किंवा त्याहून कमी अंतर असले, तर खेळ थांबवावा. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे पूर्ण होईपर्यंत सुरू करू नये. मध्ये पुन्हा गडगडले तर तीस मिनिटे नव्याने मोजायची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे ॲप आता मोबाइलवर विजेचा इशारा देते. त्याचा उपयोग जरूर करावा. तरी मोजायला स्वतःचे कान आणि बोटे पुरतात, हे मला त्या पंचांनी दाखवले.

त्या दिवशी तीस मिनिटे दोनदा नव्याने मोजावी लागली. मग अंधारून आले. सामना दुसऱ्या दिवशी जेथे थांबला तेथूनच सुरू झाला. गुणलेखकाच्या वहीत सारे टिपलेले होते: एक बाद, मी दुसऱ्या बेसवर, बॅटरचे दोन बॉल, एक स्ट्राइक. मी जाऊन त्याच बेसवर उभी राहिले. आणि आम्ही ७ विरुद्ध ६ असे हरलो.

आता कोणी विचारील, त्या संध्याकाळी मैदानावर वीज पडली का? नाही पडली. थेंबभर पाऊसही आला नाही. परतताना गाडीत आम्ही त्या पंचांची यथेच्छ टिंगल केली. परंतु पुढे विचार करता माझ्या ध्यानात आले की या निर्णयाचे दुर्दैव हेच आहे. तो बरोबर असला की काहीच घडत नाही, आणि काहीच घडले नाही म्हणून लोक त्याला चूक म्हणतात. तो चूक होता हे ज्या दिवशी निर्विवाद सिद्ध होईल, त्या दिवशी पंच खेळ थांबवायला विसरलेले असतील.

माझ्या या दोन्ही प्रसंगांना मिळून एकच उत्तर आहे असे मला वाटते. खेळात आणि सोयीत निवड करायची असेल, तर खेळ आधी. कोणी कितीही हाका मारो, चेंडू शांत होईपर्यंत हात खाली ठेवावा. खेळात आणि जिवात निवड करायची असेल, तर जीव आधी. सारे मैदान नको म्हणत असले तरी हात वर करावा. धाव परत देता येते, डाव पुन्हा तेथूनच मांडता येतो. नियमांनी त्याची सोय करून ठेवली आहे, ती पंचांनी न भिता थांबवावे म्हणूनच.

या वर्षी मी पुन्हा आंतरवर्गीय सामन्यांत पंच म्हणून उभी राहिले. एक मुलगी घसरून पडली, गुडघा धरून रडू लागली. मी चेंडूकडे पाहत राहिले. रनर तिसऱ्या बेसवर थांबली, चेंडू पिचरकडे आला, तेव्हा मी ‘टाइम’ म्हटले आणि मग धावत तिच्याकडे गेले. ‘किती उशीर केलास गं, ताई!’ असे ती म्हणाली. मोजले तर पाच सेकंद झाले असतील. मलाही ते फार लांब वाटले.